भाडोत्री कोण?

आफ्रिकेतून येऊन आपल्या देशात फुटबॉल खेळणाऱ्या खेळाडूंना 'भाडोत्री' म्हणण्याची रीत आपल्या सुशिक्षित समाजात चांगलीच रूढ झाली आहे. चिक्कडपल्लीच्या देवळांत आरती आटोपल्यावर जी मंडळी ओट्यावर रेंगाळतात, त्यांच्या बोलण्यात हा शब्द सहज येतो, आणि तो उच्चारताना आपण काही कठोर बोलत आहो, असे कुणाच्या ध्यानीही येत नाही. युरोपात टाकाऊ ठरलेला हा माल आहे, पैसा मिळेल तोवरच यांची निष्ठा, आणि यांच्या पायी आपल्या पोरांच्या जागा अडतात, असा एकंदर अभिप्राय. 2025 च्या ऑक्टोबरात हैदराबादचा फुटबॉल संघ नाव बदलून दिल्लीस निघून गेला, तेव्हाही 'परदेशी लोकांवर पैसा उधळला की असेच व्हायचे' हे भाष्य आम्ही ऐकले. तेव्हाच या शब्दाचा एकदा रोकडा हिशेब करावा, असे वाटले.

हिशेबासाठी एकच माणूस पुरे आहे: बार्थोलोम्यू ओगबेचे. नायजेरियातील ओगोजा येथे 1984 साली जन्मलेला हा मुलगा किशोरवयातच पॅरिसला पोचला आणि पॅरिस सां-जर्मां या नामांकित संघात शिरला. त्या संघात तेव्हा रोनाल्डिन्यो आणि ओकोचा खेळत होते. 2002 च्या विश्वचषकात नायजेरियाचा सदरा अंगावर चढवून तो अर्जेंटिनाविरुद्ध मैदानात उतरला, तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते. आपल्याकडे त्या वयाची मुले इंटरच्या परीक्षेच्या धास्तीने शहर मध्यवर्ती ग्रंथालयात डोके खुपसून बसलेली असतात.

त्यानंतरची त्याची वाटचाल नकाशा पुढे घेऊनच वाचावी लागते. पॅरिसहून बास्तिया, मेस, मग अबूधाबीचा अल् जझीरा, मग स्पेनमध्ये आलावेस, व्हायादोलिद, कादिस, ग्रीसमध्ये कावाला, इंग्लंडात मिडल्सबरो, पुन्हा स्पेनमध्ये हेरेस, शेवटी हॉलंडमध्ये कांबूर आणि तिलबर्ग शहराचा विलेम द्वितीय. यांपैकी काही ठिकाणी त्याला एका संघाने दुसऱ्यास चक्क उसना दिला होता. उसना देणे हा आमचा शब्दालंकार नव्हे. त्या व्यवहाराचे तेच नाव आहे. शेजारणीने वाटीभर साखर न्यावी, तसा जिवंत माणूस एका हंगामापुरता न्यावयाचा आणि हंगाम संपला की परत करावयाचा. गुरांच्या बाजारातही दावे सोडून देताना मालक जनावराच्या पाठीवरून एकदा हात फिरवतो.

युरोपच्या या बाजाराला आफ्रिकेचे पाय हवे असतात. त्या पायांवरचा माणूस मात्र हवाच असतो असे नाही. 2005 च्या नोव्हेंबरात इटलीत मेसिना संघाचा मार्क झोरो हा आयव्हरी कोस्टचा बचावपटू प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी ओरड्याने इतका व्यथित झाला, की त्याने चेंडू काखेत मारला आणि सामना थांबवा म्हणून तो मैदानाबाहेर निघाला. पुढच्याच फेब्रुवारीत सारागोसा येथे सॅम्युएल एटो याच्यावर तोच प्रसंग आला. कॅमेरूनचा हा खेळाडू तेव्हा बार्सिलोनाचा हुकमी गोलंदाज होता. आणि मोझांबिकचा युसेबियो? गोमंतकीय वाचकांस हे नाव परके नसावे, कारण त्याची मायभूमी आणि आपले गोवे एकाच साम्राज्याच्या खुंट्याला बांधलेली होती. 1966 च्या विश्वचषकात त्याने पोर्तुगालसाठी नऊ गोल केले. 2015 साली लिस्बनच्या राष्ट्रीय स्मारकमंदिरात, राष्ट्रपुरुषांच्या पंक्तीत, त्याच्या अस्थी समारंभपूर्वक ठेवण्यात आल्या. त्या वेळी त्याची जन्मभूमी स्वतंत्र होऊन चाळीस वर्षे झाली होती.

आता टाकाऊ मालाची गोष्ट. ओगबेचे 2018 साली भारतात आला तो चौतिशीच्या उंबरठ्यावर, म्हणजे ज्या वयात आघाडीचे खेळाडू बूट खुंटीला टांगतात त्या वयात. पहिल्या हंगामात त्याने गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडसाठी 12 गोल केले, दुसऱ्यात केरळसाठी 15, तिसऱ्यात मुंबई सिटीसाठी 8. मुंबईचे ते आठ मोजून थांबू नये. 13 मार्च 2021 रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात, मोहन बागानविरुद्ध 90 व्या मिनिटाला गोलरक्षकाची चूक होऊन चेंडू ओगबेचेच्या ताब्यात आला. स्वतःच्या नावावर गोल चढवण्याचा मोह अशा वेळी कुणालाही होईल. त्याने चेंडू बिपिनसिंगकडे दिला. बिपिनने तो जाळ्यात मारला आणि मुंबईने चषक उचलला. निव्वळ पैशासाठी खेळणारा माणूस असे वागतो काय?

पुढे तो हैदराबादेस आला. 2021-22 च्या हंगामात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, 18 गोल करून तो साऱ्या लीगमध्ये अव्वल ठरला. गोव्याच्या संघाकडून खेळणाऱ्या स्पेनच्या कोरोमिनासने केलेला 48 गोलांचा विक्रम त्याच हंगामात मागे पडला. दुर्दैव असे, की महामारीमुळे तो सारा हंगाम गोव्यात, बहुतेक वेळ रिकाम्या बाकांपुढे, खेळला गेला. ज्या शहराचे नाव छातीवर लावून हा माणूस बांबोळीच्या मैदानावर घाम गाळत होता, त्या शहरातल्या आमच्यासारख्यांनी त्यांतला एकही गोल समोर बसून पाहिला नाही. पुढच्या हंगामात त्याने आणखी 10 गोलांची भर घातली आणि एकूण संख्या 63 वर नेली. 2024 मध्ये सुनील छेत्रीने ती ओलांडली. इतका गौरव या 'टाकाऊ माला'ला पुरेसा आहे.

आता आपल्या पोरांच्या जागांविषयी. 20 मार्च 2022 च्या अंतिम सामन्याकडे पाहावे. मैदान पुन्हा फातोर्ड्याचेच, आणि बाकांवर केरळच्या पिवळ्या रंगाचा पूर. केरळने एक गोल चढवला आणि वेळ संपत आली. 88 व्या मिनिटाला बरोबरी केली ती कुणी? साहिल ताव्होराने, गोंयचो भुरगो तो! नंतर पेनल्टींच्या निकालात तीन फटके अडवून हैदराबादला 3-1 असा विजय मिळवून दिला तो गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने. (आडनाव कानडी, घडण गोव्याच्या मैदानांवरची, या किनाऱ्यावर माणसे अशीच मिसळलेली असतात.) गोल करणाऱ्यांच्या यादीत त्या दिवशी ओगबेचेचे नाव नव्हते. त्याने ज्यांच्या जागा अडवल्या असे आपण म्हणतो, त्याच पोरांनी त्याच्या सोबतीने खेळून चषक आणला.

आणि हैदराबादच्या फुटबॉलची जी राखरांगोळी झाली तिचे खापरही परदेशीयांच्या माथी फोडता येणार नाही. आमच्या वडील पिढीला आठवत असे, की या शहराच्या सिटी पोलिस संघाने 1950 पासून 1954 पर्यंत मुंबईचा रोव्हर्स चषक ओळीने पाच वेळा जिंकला. त्या संघाचे शिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शाळामास्तर. त्यांच्याच हाताखाली भारत 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला, आणि 1962 साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकून आला. सिकंदराबादचा तुलसीदास बलराम, गोलरक्षक पीटर थंगराज, युसुफ खान ही सारी याच भूमीतली रत्ने. 1963 साली रहीमसाहेब वारले आणि त्यानंतर हळूहळू सारे ओसरले. नायजेरियाचा चिमा ओकोरी कोलकत्याच्या मैदानात गाजू लागला तो ऐंशीच्या दशकात. तोवर हैदराबादचा दिवा केव्हाच मालवला होता. तो आपणच मालवला. मैदानांवर इमारती चढल्या, पोरे क्रिकेटकडे आणि शिकवणीवर्गांकडे वळली, आणि बापांनी त्यांना वळवले. रहीमसाहेबांच्या नावाने या शहरात काय आहे, असे चिक्कडपल्लीच्या दहा मुलांना विचारून पाहावे.

मग भाडोत्री कोण? ज्या संघासाठी ओगबेचे खेळला त्या संघाचाच इतिहास पाहा. 2014 साली पुण्यात एक संघ निघाला. बालेवाडीच्या मैदानावर पुणेकरांनी त्याला पाच वर्षे आपला मानला. 2019 मध्ये मालकांना तो परवडेना, तेव्हा तो बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादच्या नावाने चढली. आम्ही हर्षभरित झालो. पुणेकरांना काय वाटले असेल, हे विचारण्याची आम्हांस आठवण राहिली नाही. चषक जिंकून दोन वर्षे होतात न होतात तोच खेळाडू आणि कर्मचारी यांची वेतने थकू लागली, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर फिफाने बंदी घातली, हंगामाच्या मध्यावर परदेशी खेळाडू सोडून गेले, आणि अजिंक्य ठरलेला संघ तक्त्याच्या तळाशी आला. मालक बदलले. 2025 मध्ये तोच परवाना 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' होऊन राजधानीत गेला. अकरा वर्षांत तीन शहरे! खेळाडूने करार पुरा होईतो चाकरी केली आणि मग तो गेला. संघाने मात्र दोन शहरांची निष्ठा घेतली आणि दोघांनाही निरोप न देता पाठ फिरवली. तरीही 'भाडोत्री' हा शब्द आपल्या तोंडी येतो तो खेळाडूसाठी. मालकांना आपण 'उद्योगपती' म्हणतो.

कुणी म्हणेल, त्याला पैसे मिळाले ना? मिळाले असतील, आणि मिळावयासच हवेत. देवळाच्या कारभारात मुरलेल्या मंडळींस हे आम्ही समजावून सांगावे काय? पुरोहित दक्षिणा घेतो म्हणून आपण केलेली पूजा भाडोत्री ठरत नाही. कीर्तनकाराला बिदागी द्यावयाची असते हे ठाऊक असूनही आपण त्याच्या पाया पडतो. नगारखान्यातल्या सनईवाल्याचे पैसे थकवले तर पाप कुणाच्या माथी, सनईवाल्याच्या की विश्वस्तांच्या?

खरे सांगावयाचे तर परमुलखात पोट भरण्याची निंदा करण्याचा अधिकार ज्यांना सर्वांत कमी, अशांत आपला समाज मोडतो. निजामाच्या राज्यात वकिली, कारकुनी, मास्तरकी करावयास आलेली मराठी माणसे इथली भूमिपुत्र नव्हती. केशवराव कोरटकरांसारख्यांनी इथे नाव काढले आणि शेजारच्या नारायणगुड्यात त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली, याचा आपण अभिमान बाळगतो. कोकणी बांधवांविषयी तर बोलावयासच नको. लॉरेन्सो मार्किस, नैरोबी, दार-एस्-सलाम ही नावे गोव्याच्या घरोघरी नातलगांच्या पत्त्यांवर होती. तेथे गेलेला गोयंकार आफ्रिकेच्या भूमीवरच पोट भरत होता. फार कशाला, आपल्या देवांनाही गाव सोडावे लागले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. नदीपार ज्यांनी त्यांना जागा दिली त्यांनी 'तुम्ही कुठले, किती दिवस राहणार' असे विचारत बसावयाचे ठरवले असते तर आज आपण कुणापुढे हात जोडले असते?

पण गोष्ट केवळ परकेपणाची नाही. ती रंगाची आहे, आणि ते उघड बोलले पाहिजे. कोरोमिनास स्पेनचा होता, पैशासाठीच आला होता. त्याला कुणी भाडोत्री म्हटल्याचे आमच्या कानी नाही. रांटी मार्टिन्स आणि ओडाफा ओकोली या नायजेरियनांनी धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स यांना अजिंक्यपदे मिळवून दिली, त्याच गोव्यात 2013 साली, एका नायजेरियनाच्या खुनानंतर त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला रस्ता अडवला, तेव्हा एका मंत्र्याने त्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली. मागाहून त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. 2024 च्या मार्चमध्ये फुटबॉलवेड्या मलप्पुरम जिल्ह्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूचा जमावाने पाठलाग करून त्याला मारहाण केली. जमावाच्या तोंडी त्याच्या रंगावरून शिव्या होत्या.

आफ्रिकेचा चेहरा आपल्याला नवा आहे, ही सबबही चालणार नाही. निजामाच्या आफ्रिकी घोडदळाची वस्ती 'ए. सी. गार्ड्स' या नावाने आजही याच शहरात आहे. यल्लापूर, हल्याळ, अंकोला या कारवार जिल्ह्याच्या रानांत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे सिद्दी लोक घरात कोकणी बोलतात, आणि त्यांतले पुष्कळ हिंदू आहेत. जी भाषा या मासिकाच्या पानांवर छापली जाते, ती त्यांचीही मायबोली आहे. त्यांच्यापैकी एकाचे लेखन आपण या पानांवर कधी वाचले आहे काय?

भाडोत्री या शब्दाला लागूनच दुसरा शब्द येतो, भाडेकरू. उस्मानिया विद्यापीठात शिकणारी आफ्रिकेची मुले विद्यानगर, नल्लकुंटा, चिक्कडपल्ली या भागांत खोली शोधत हिंडतात. दारावर 'घर भाड्याने देणे आहे' अशी पाटी असते. मुलगा जिना चढून वर आला की खोली नुकतीच गेलेली असते. तो खाली उतरला की पाटी पुन्हा जागच्या जागी. मांसाहाराची सबब सांगितली जाते, तर शाकाहारी राहीन म्हणणाऱ्यालाही नकार मिळतो. या घरमालकांत आपल्या देवस्थानांचे सभासद आहेत, वर्गणीदार आहेत, एखाद-दुसरा विश्वस्तही असेल. आणि त्याच सभामंडपाच्या भिंतीवर अतिथीविषयीचे उपनिषदातले वचन सुबक अक्षरांत रंगवलेले आहे. विश्वस्तमंडळांपुढे आमची मागणी साधी आहे. जून-जुलैत विद्यापीठ सुरू होते. त्या आधीच्या सर्वसाधारण सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि ज्या सभासदांच्या घरी खोल्या रिकाम्या आहेत त्यांनी सर्वांसमक्ष सांगावे, की जिना चढून येणाऱ्या मुलाला ते कोणत्या कारणासाठी परत पाठवतात.