बाळंतिणीच्या मनाचे माप

बाळ जन्मले की पहिला प्रश्न येतो तो वजनाचा. मग बाळंतिणीच्या अंगात रक्त किती, दाब किती, टाके भरले की नाही, सारे तपासले जाते. डिंकाचे लाडू किती उरले याचाही हिशेब घरात असतो. पण प्रसूतीच्या वेळी ती बाई मरणाच्या भीतीने गारठली होती, त्या भीतीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

एखादी सून बाळाला लस टोचून आणायचा दिवस सारखा पुढे ढकलते. घरची मंडळी म्हणतात, "आळस, दुसरे काय!" खरे कारण निराळेच असू शकते. दवाखान्याच्या पायऱ्या दिसल्या की तिची छाती धडधडते आणि ती रात्र पुन्हा डोळ्यांपुढे उभी राहते.

मनावरील आघाताच्या या विकाराला अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० साली आपल्या अधिकृत यादीत स्थान दिले. मात्र प्रसंग माणसाच्या नेहमीच्या अनुभवाबाहेरचा हवा, अशी अट होती. बाळंतपण तर घरोघरचे! ते या अटीत बसावे कसे? १९९४ साली ती अट गेली आणि वाट मोकळी झाली.

१९८७ पासून एडिंबरोची दहा प्रश्नांची पट्टी वापरात आहे, पण ती मापते उदासीनता. उदासीनता वेगळी आणि धास्ती वेगळी. म्हणून लंडनच्या सिटी विद्यापीठातील सुसान एअर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली २९ प्रश्नांची निराळी पट्टी प्रसिद्ध केली. त्या वेळी आपण किंवा बाळ दगावू, असे वाटले का? नको असताना आठवणी येतात का? त्या टाळाव्याशा वाटतात का? गेल्या आठवड्यात हे किती वेळा घडले, यावर गुण मिळतात. झोपेचा प्रश्न तर मोठा चतुराईचा आहे. तान्हे मूल घरात असताना झोप कोणाची होते? तेव्हा बाळाच्या झोपेच्या वेळांमुळे नव्हे, तर अन्य कारणाने झोप बिघडते का, असेच तिथे विचारले आहे. त्रास महिन्याहून अधिक टिकला का, हेही पाहतात. अर्थात पट्टी केवळ इशारा देते. निदान डॉक्टरांनीच करायचे.

अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ साली काढलेला अंदाज असा, की १०० बाळंतिणींत सुमारे ४ जणींना हा विकार होतो. अवघड प्रसूतीसारखी जोखीम असलेल्या गटांत हे प्रमाण १८च्याही वर जाते.

घरच्यांनी काय करावे? "बाळ सुखरूप आहे ना, मग झाले गेले विसर," हे वाक्य आधी सोडून द्यावे. बाळ सुखरूप असते, म्हणूनच तिला स्वतःचे दुःख बोलायची चोरी होते. बळेबळे सारी हकीकत वदवूनही घेऊ नये. तिच्या कलाने ऐकावे. महिना उलटूनही त्रास सरत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. यावर उपचार आहेत. सरकारची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

बाळाचे वजन जरूर करा. मात्र त्याच दिवशी सासूबाईंनी किंवा नवऱ्याने तिच्याजवळ बसून एवढेच विचारावे, "त्या वेळी फार भ्यालीस का ग?" त्याला तराजू लागत नाही.