‘पण’ नव्हे, ‘आणि’

हिंगोली जिल्ह्यातील आमच्या एका भाविकाच्या लग्नघरी मागील उन्हाळ्यात वाद झाला. वऱ्हाडातील तरुणांनी रात्री ढोलकीवर भीमगीते धरली, तोच घरातील एका वडीलधाऱ्यांनी ती थांबविली. “फादर, तुम्हीच सांगा. आपण ख्रिस्ती, आता ही जातीची गाणी कशाला?” असा त्यांचा सवाल. त्याच मांडवात नवरीला पाहून “मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस” असे म्हणणाऱ्यांना मात्र कोणी थांबविले नाही. आम्हीही नाही.

या ‘पण’शी आमचे भांडण आहे. गीतरत्नातील वधू आपला काळा वर्ण स्वतःच्या मुखाने सांगते आणि त्याच श्वासात आपले सौंदर्यही. मूळ हिब्रूत दोहोंना जोडणारे एकच अक्षर आहे. त्याचा अर्थ ‘आणि’ होतो, तसा ‘पण’ही होतो. प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘आणि’ पत्करले. संत जेरोमच्या लॅटिनने ‘पण’ लिहिले, आणि सेमिनरीत आम्ही तेच मुकाट्याने घोकले!

अमेरिकेतील काळ्या लोकांनी हा ‘पण’ गाऊन खोडला. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर चारच महिन्यांनी, जेम्स ब्राऊनने काळेपणाचा अभिमान गर्जून सांगणारे गीत लहान मुलांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रित केले. हे लोण आपल्याला परके नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना. १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. वामनदादा कर्डक गावोगाव गात हिंडले, ते याच स्वाभिमानासाठी. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बाया जात्यावर बाबासाहेबांना घरचाच माणूस मानून ओव्या गात. त्या ओव्या जतन करणाऱ्यांत गी पॉइत्व्हँ हे एके काळचे कॅथॉलिक धर्मगुरूही होते.

कोणी म्हणेल, ख्रिस्तसभेत जात नाही. मग १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले, त्याविरुद्ध आपण निवेदने कशाची देतो? सवलत मागताना जात आठवते आणि ढोलकी वाजली की विसरते, हा प्रामाणिकपणा नव्हे. वडीलधाऱ्यांचे भय आम्ही जाणतो. गाव अजूनही घर कोणत्या वस्तीत आहे ते आधी विचारते. परंतु भयाला धर्माचे नाव देऊ नये.

नर्सीच्या नामदेवांना औंढा नागनाथाच्या देवळामागे जाऊन कीर्तन करावे लागले, तेव्हा देऊळच फिरले, ही आख्यायिका या जिल्ह्यात लहान पोरही सांगते. त्या फिरलेल्या देवळाचे कौतुक करायचे आणि आपल्या मांडवातला गाणारा मागे धाडायचा, हे कोणते तर्कशास्त्र?

त्याच घरी येत्या वैशाखात धाकटीचे लग्न आहे. ढोलकी मांडवाच्या पुढच्या अंगाला ठेवावी, असे आम्ही कळविले आहे. अद्याप उत्तर नाही.