विश्लेषण : गल्लीतला चर कोसळतो कसा? आणि टेकूचे पैसे निविदेत वेगळे का हवेत?

मालेगावात पाण्याची वाहिनी असो, गटार असो की केबल, गल्ली खोदली की रहिवाशांचा प्रश्न एकच असतो : रस्ता कधी बुजवणार? त्या चरात डोक्याइतके खोल उतरून पाइपचे सांधे जुळवणाऱ्या मजुराच्या दोन्ही बाजूंची माती कशाच्या आधारावर उभी आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. बहुतेक वेळा ती कशाच्याच आधारावर उभी नसते.

पिंपरी-चिंचवडमधील दापोडीत १ डिसेंबर २०१९ रोजी मलनिस्सारण वाहिनीसाठी खोदलेल्या खड्ड्यात एक मजूर मातीखाली अडकला. त्याला वाचवायला उतरलेल्यांवर पुन्हा माती कोसळली. मजूर गेला आणि अग्निशमन दलाचा एक जवानही गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीच्या रिंगचे काम सुरू असताना माती ढासळून चार मजूर गाडले गेले. एक काम शहरातले, दुसरे शेतातले. कारण मात्र एकच, उभी कापलेली माती.

काळी माती भरवशाची का नाही?

मालेगाव परिसरात साधारणपणे वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. मोसम आणि गिरणेच्या काठाला गाळाचे थर. जेसीबीने ताजी कापलेली काळ्या मातीची भिंत बर्फी कापल्यासारखी सरळ उभी राहते. फसवणूक होते ती इथेच. ‘माती घट्ट आहे, काही होत नाही’ असे मुकादम म्हणतो, तेव्हा त्या क्षणापुरते ते खरेही असते.

माती आधाराशिवाय किती उंच उभी राहील, हे चिकण मातीत मुख्यतः तिच्या कणांच्या आपसातील चिकटून राहण्याच्या ताकदीवर ठरते. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात हे सूत्र शिकवतात आणि परीक्षेत त्यावर हमखास गणित येते. त्याचा अर्थ सोपा आहे : ही ताकद निम्मी झाली, की उभी राहण्याची उंचीही निम्मी होते. आणि ती निम्मी व्हायला पाणी पुरते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिला पाऊस त्या भेगांतून थेट चराच्या भिंतीमागे उतरतो. शहरात तर पावसाचीही गरज नाही, शेजारची जुनी गळकी वाहिनी तेच काम बारा महिने करते. त्यातही वाईट म्हणजे, त्या जुन्या वाहिनीचा चर कधीतरी भरलेला असतो, म्हणजे ती मूळची माती नसतेच, नुसता भराव असतो. वरून काठावर टाकलेल्या मातीच्या ढिगाचे वजन, जवळून जाणारे ट्रॅक्टर-ट्रक आणि मालेगावच्या अनेक गल्ल्यांत भिंतीपलीकडे धडधडणारे यंत्रमाग.

एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते. दोन मीटर लांब, एक मीटर उंच आणि अर्धा मीटर जाड एवढाच तुकडा सुटला, तरी छोट्या मोटारीपेक्षा जास्त वजन अंगावर येते. तोंड मातीबाहेर असूनही माणूस मरू शकतो, कारण छाती फुगायला जागा उरत नाही.

नियम काय सांगतात?

नियम आहेत आणि चांगले आहेत. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४ हे भारतीय मानक आहे. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची सुरक्षा संहिता सांगते, की चर १.५ मीटर किंवा त्याहून खोल असेल तर बाजूंना उतार द्या किंवा लाकडी आधार बसवा. काढलेली माती काठापासून १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्मे, यांपैकी जे जास्त असेल तेवढी दूर ठेवा. १.२ मीटर किंवा त्याहून खोल चरात दर ३० मीटरला एक शिडी हवी आणि ती जमिनीच्या ९० सेंटिमीटर वर आलेली हवी.

आता हा नियम गल्लीत नेऊ. अडीच मीटर खोल चराला ४५ अंशांचा उतार द्यायचा, तर तळाची ८० सेंटिमीटर रुंदी धरून वर ५.८ मीटर जागा लागते. जुन्या मालेगावातल्या गल्लीत एवढ्यात समोरासमोरचे ओटेसुद्धा जातील. म्हणजे उतार बाद. उरतो तो आधार.

आधार म्हणजे नेमके काय?

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे दोन्ही भिंतींना उभ्या-आडव्या फळ्या आणि त्यांच्यामध्ये आडवे टेकू. टेकू वरून खाली बसवत जायचे आणि काढताना खालून वर, भराव करत करत. दुसरा प्रकार लोखंडी पेटीचा : दोन जाड पत्रे, मध्ये दांडे. पोकलेनने ती चरात उतरवायची आणि काम पुढे सरकेल तशी ओढायची. ही पेटी भिंत कोसळू देणार नाही असे नाही, पण कोसळली तरी आतला माणूस वाचतो. पाणी खूप असेल तिथे लोखंडी पत्रे आधीच जमिनीत ठोकतात. मातीत आडवी भोके पाडून सळ्या घालायच्या, सिमेंट भरायचे आणि वर जाळी लावून काँक्रीट फवारायचे, ही पद्धत मोठ्या इमारतींच्या तळघरासाठी ठीक. दोन दिवसांत बुजवायच्या चराला ती परवडत नाही आणि फुगणाऱ्या चिकण मातीत सळ्यांची पकडही चांगली बसत नाही. गल्लीसाठी फळ्या-टेकू किंवा पेटी, एवढेच पुरेसे आहे.

मग होत का नाही?

माझ्या मते कारण दरपत्रकात आहे. ‘आवश्यक तेथे आधार देण्यासह’ असे चार शब्द खोदकामाच्या दरातच घातले, की आधार फुकट होतो. जो ठेकेदार प्रामाणिकपणे फळ्यांचा खर्च धरतो त्याचा दर चढतो आणि काम दुसऱ्याला जाते. फळ्या न लावणे हा इथे आळस नाही, धंद्याचा हिशेब आहे.

वास्तविक केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत फळ्या-टेकूंची स्वतंत्र बाब आहे आणि तिचे मोजमाप आधार दिलेल्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरवर होते. अडीच मीटर खोल चरात दोन्ही बाजू धरून प्रत्येक मीटर लांबीला पाच चौरस मीटर, किलोमीटरला पाच हजार. महापालिकांनी हीच पद्धत घ्यावी : आधार वेगळा मोजा, वेगळे पैसे द्या, आणि आधार बसवलेल्या चराचा जिओ-टॅग फोटो नसेल तर त्या लांबीच्या खोदकामाचेही देयक रोखा. घरकुलाच्या हप्त्यासाठी गरीब माणसाकडून असा फोटो आपण घेतोच.

याने काम महागेल आणि रेंगाळेलही, हे मान्य करायला हवे. टेकूंच्या मधून पाइप उतरवणे कटकटीचे असते. गल्ली दोन दिवस जास्त बंद राहील, लूमवर सुताचा माल पोचायला त्रास होईल, नगरसेवकाला फोन जातील. ‘लवकर बुजवा’ म्हणणारे आपणच असतो, त्यामुळे या हिशेबात आपलाही वाटा आहे.

चर कोसळलाच तर?

आत उडी मारू नका. दापोडीत दिसले त्याप्रमाणे पहिल्यानंतर दुसरा ढिगारा येतो. जेसीबीने उकरू नका, बकेटला खालचा माणूस दिसत नाही. १०१ किंवा ११२ वर फोन करा, काठावरची गर्दी आणि वाहने हटवा, आत किती माणसे होती आणि नेमकी कुठे उभी होती हे सोबतच्या मजुरांना विचारून ठेवा. जवळ पाण्याची वाहिनी फुटली असेल तर तिचा व्हॉल्व्ह आधी बंद करायला सांगा.