निवारा की करसवलत?

देवळाली कॅम्पातला निवृत्तीकडे झुकलेला पगारदार विचारतो : घर घ्यावे, की करसवलतीच्या योजनेत बचत गुंतवावी? जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील दोन लाखांपर्यंतचे व्याज उत्पन्नातून वजा होते. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे त्यात ६०,००० रुपये वाचतात. उरलेले १,४०,००० बँकेच्याच तिजोरीत जातात. रोजंदारी मजुराच्या पदरी शून्य! २०२० साली आलेल्या नव्या पद्धतीत ही वजावट नाही, भविष्य निर्वाह निधीतील बचतीचीही नाही. तेव्हा निवारा नसेल त्यानेच घर घ्यावे, आणि छावणीच्या हद्दीत जमीन कोणाच्या नावे आहे हे आधी तपासावे. अधिक मिळकतीला अधिक देणारी ही सवलत गरिबांच्या घरकुलांकडे वळवा, ही मागणी मात्र आपण लावून धरली पाहिजे.