संकटकाळचे दार आणि त्यावरील कुलूप

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर नवजात बालकांच्या विशेष कक्षाला आग लागली, तेव्हा त्या कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. त्यांपैकी बहुतेकांचा बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने घेतला. याच वर्षीच्या मार्चअखेर मुंबईत भांडुप येथे एका मॉलमध्ये थाटलेल्या रुग्णालयात, २३ एप्रिलला विरारच्या एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात हेच घडले. विरारला पंधरा रुग्ण मृत्युमुखी पडले, नगरला त्याच दिवशी अकरा. एका राज्यात, एका वर्षात, सरकारी व खाजगी असा भेद न करता ज्या दुर्घटना घडतात त्यांना दैवयोग म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरते. महाराष्ट्राबाहेरही चित्र निराळे नाही. झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा नवजात बालकांचाच कक्ष जळाला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जयपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातील अतिदक्षता विभागात रुग्ण दगावले.

अशा प्रत्येक प्रसंगानंतर काय होते याचा क्रम आता जनतेला पाठ झाला आहे. मंत्री घटनास्थळी जातात, मदतीची रक्कम जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते आणि राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश सुटतात. हे आदेश खोटे असतात असे नाही. तपासणी खरोखरच होते. प्रश्न त्यानंतरचा आहे. तपासणी करणारा अधिकारी पंधरा दोष दाखवून देतो, रुग्णालयाचा प्रमुख ते दोष दूर करण्यासाठी अंदाजपत्रक मागवतो, ते अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विद्युत शाखेकडून तांत्रिक मान्यतेला जाते, तेथून प्रशासकीय मान्यतेला, आणि मग निधी जिल्हा नियोजन समितीने द्यावा की आरोग्य खात्याने, यावर पत्रव्यवहार सुरू होतो. तपासणीला पैसे लागत नाहीत, दुरुस्तीला लागतात. म्हणून पहिली होते आणि दुसरी राहते. भंडाऱ्याच्या रुग्णालयाचा अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव असाच मंजुरीच्या वाटेवर पडून होता, हे दुर्घटनेनंतर प्रसिद्ध झाले.

रुग्णालयातील आग ही इतर इमारतींतील आगीसारखी नसते. चित्रपटगृहात वा कचेरीत आग लागली तर माणसे उठून पळू शकतात. तेथे दार मोकळे असले की निम्मे काम झाले. अतिदक्षता विभागातील रुग्ण पळू शकत नाही. त्याला श्वासोच्छ्वासाच्या यंत्राची नळी जोडलेली असते, औषधाची बाटली लटकत असते, आणि त्याला हलवायचे तर किमान दोन माणसे लागतात. रात्री दोन वाजता त्या विभागात किती माणसे असतात हे ज्याने आपल्या आप्ताच्या उशाशी रात्र काढली आहे त्याला सांगावे लागणार नाही. त्यात ही जागा स्वभावतःच ज्वालाग्राही. वातानुकूलन यंत्रे दिवसरात्र विसाव्याविना चालतात, जुन्या तारांवर नवनव्या उपकरणांचा भार वाढत जातो, गाद्या फोमच्या, नळ्या प्लास्टिकच्या, जंतुनाशके मद्यार्कयुक्त. हवेत प्राणवायूचे प्रमाण एरवी सुमारे २१ टक्के असते. बंद खोलीत ते थोडे जरी वाढले तरी साध्या ठिणगीची आग व्हायला वेळ लागत नाही. खिडक्या मात्र थंडावा टिकावा म्हणून कायमच्या बंद केलेल्या.

कोलकात्याच्या ढाकुरिया भागातील खाजगी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी सुमारे नव्वद माणसे गेली. तेथे आग तळघरात लागली होती आणि माणसे मेली वरच्या मजल्यांवर. मोटारी ठेवण्यासाठी असलेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवले होते, आणि तेथील धूर वातानुकूलनाच्या मार्गाने थेट रुग्णांच्या खोल्यांत पोहोचला. शेजारच्या झोपडवस्तीतील तरुणांना धुराचा वास आधी आला. ते मदतीला धावले तेव्हा रखवालदारांनी त्यांना फाटकावरून परत पाठवले. पुढे त्याच तरुणांनी बांबू लावून रुग्णांना खाली उतरवले. केरळातून आलेल्या दोन परिचारिकांनी आपल्या कक्षातील आठ रुग्ण बाहेर काढले आणि उरलेल्या रुग्णासाठी परत गेल्या त्या आल्याच नाहीत. तळघर रिकामे करा, अशी सूचना त्या रुग्णालयाला आधीच मिळालेली होती.

म्हणूनच रुग्णालयासाठी निराळी व्यवस्था सांगितलेली आहे. राष्ट्रीय इमारत संहितेने रुग्णालयाचा जिना किमान दोन मीटर रुंद असावा, दारे बाहेरच्या बाजूस उघडावीत, येथपर्यंत बारकाईने लिहून ठेवले आहे. २०१६ च्या संहितेत आणखी एक शहाणपणाची कल्पना आहे. रुग्णाला जिन्यावरून खाली नेण्यापूर्वी त्याच मजल्यावर, आगीला व धुराला रोखणाऱ्या दारापलीकडच्या भागात त्याची खाट सरकवायची. खाट ढकलणे एका परिचारिकेलाही जमते. रुग्णाला उचलून चार मजले उतरणे चौघांनाही जमेल असे नाही. यासाठी मजल्याचे दोन भाग करणारी भिंत आणि आपोआप मिटणारे दार हवे. आपल्या जुन्या जिल्हा रुग्णालयांत अशी दारे शोधून सापडणार नाहीत. नव्या इमारतींत ती आहेत तेथे लाकडाची पाचर ठोकून सताड उघडी ठेवलेली आढळतात.

आणि जे दार उघडे हवे ते बंद असते. मागचा जिना हा बहुतेक रुग्णालयांत अडगळीची हक्काची जागा आहे. मोडक्या खाटा, निर्लेखनाची वाट पाहणारी कपाटे, रिकाम्या नळकांड्या आणि जुनी दप्तरे यांचा संसार तेथे थाटलेला असतो. निर्लेखनाचे सोपस्कार इतके किचकट आहेत की मोडकी खाट फेकून देण्यापेक्षा ती जिन्यात ठेवणे अधिकाऱ्याला सुरक्षित वाटते. त्यापलीकडच्या दाराला कुलूप. हे कुलूप लावणाऱ्याला निष्काळजी म्हणणे सोपे आहे, पण त्याची बाजूही ऐकली पाहिजे. मागच्या दाराने भटकी कुत्री वॉर्डात येतात, औषधे व तोट्या चोरीला जातात, नवजात मूल पळवून नेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि एका रुग्णामागे पाच नातेवाईक वेळीअवेळी आत शिरतात. रखवालदार आहेत ते पुढच्या दाराला पुरत नाहीत. मग कुलूप हाच रखवालदार होतो. रखवालदाराची जागा न भरण्यात जी बचत होते तिची किंमत कोणत्या रात्री चुकवावी लागते, हे कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. आतून दांडा दाबला की उघडणारी, पण बाहेरून न उघडणारी दारे आज सर्रास मिळतात. दोन्ही भयांवर तो साधा उपाय आहे. तो शासनाच्या खरेदीच्या यादीत अग्रक्रमाने का नसावा?

कायदा नाही अशी तक्रार महाराष्ट्राला करता येणार नाही. आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा राज्याचा कायदा २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. पण हे प्रमाणपत्र देणारी संस्था निवडतो मालक, आणि तिचे बिलही चुकवतो मालकच. ज्याची परीक्षा त्यानेच परीक्षक नेमावा व त्याचे मानधन द्यावे, या पद्धतीने शाळेतील परीक्षा घेतल्या तर निकाल किती उत्तम लागतील हे शिक्षकवर्ग जाणतो. राजकोटच्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० रोजी करोना रुग्णालयांची दरमहा अग्नितपासणी करण्याचा आदेश दिला होता. भंडाऱ्याची रात्र त्यानंतर बाविसाव्या दिवशी उजाडली. तो कक्ष करोनाचा नव्हता, असे तांत्रिक उत्तर त्यावर देता येईल. पण ठिणगी असा भेद करीत नाही.

मग दोषी कोण? नगरच्या प्रकरणात पोलिसांनी अटक केली ती एका वैद्यकीय अधिकाऱ्यास व परिचारिकांना. भंडाऱ्यातही कंत्राटी परिचारिकांची सेवा संपुष्टात आणली गेली. कर्तव्यात कुचराई झाली असेल तर तिची चौकशी व्हावी यात वाद नाही. परंतु ज्या परिचारिकेने आयुष्यात कधी अग्निशामक नळकांडे हाताळलेले नाही, जिला मागच्या दाराची किल्ली कोणाकडे असते हे कोणी सांगितलेले नाही, तिच्यावर खटला चालवायचा आणि प्रस्तावावर महिनोन्‌महिने बसणाऱ्या कचेरीला साक्षीदार म्हणूनही बोलवायचे नाही, हा न्याय उलटा आहे. जबाबदारी अधिकाराच्या मागोमाग गेली पाहिजे. निधी देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार ज्याच्या सहीत आहे, त्याचे नाव त्या नस्तीवर आणि उद्या आरोपपत्रावरही असावे.

वस्त्यांतील छोट्या शुश्रूषागृहांचा प्रश्न अधिक अवघड आहे. राहत्या इमारतीच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरील सदनिका जोडून केलेली ही रुग्णालये. जिना एकच, तोही अरुंद. नियमावर बोट ठेवले तर त्यांतील कित्येक उद्याच बंद करावी लागतील, आणि मध्यमवर्गीयाला परवडणाऱ्या खाटाही त्यांच्याबरोबर जातील. सरसकट टाळे ठोकणे हा म्हणूनच उपाय नव्हे. पण जेथे दुसरा जिना काढणे शक्यच नाही, तेथे अतिदक्षता विभाग आणि नवजात बालकांचे कक्ष चालविण्यास परवानगी नाकारण्यात कसली अडचण आहे? प्रसूती, किरकोळ शस्त्रक्रिया आणि चालता येणारे रुग्ण तेथे राहोत. ज्याला हलवता येत नाही तो मात्र तेथे नको. नोंदणीच्या नूतनीकरणाच्या वेळी महापालिकांना ही अट घालता येण्यासारखी आहे.

उरते ती रात्रीची तालीम. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. १९४४ साली मुंबई गोदीतील स्फोटात प्राणास मुकलेल्या जवानांचे ते स्मरण. त्या आठवड्यात रुग्णालयांच्या आवारात भर दुपारी, पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिके होतात. टिनाच्या डब्यातली आग विझते, छायाचित्रे निघतात. तीच तालीम रात्री दोन वाजता, पूर्वसूचनेशिवाय, त्या पाळीवर असलेल्या दोन परिचारिका व एक वॉर्डबॉय यांच्या भरवशावर घ्यावी. एक रिकामी खाट शेवटच्या कक्षापासून मागच्या दारापर्यंत न्यायला किती मिनिटे लागली, वाटेत काय काय बाजूला करावे लागले आणि दाराची किल्ली कोणाच्या खिशात निघाली, याची नोंद करून ती जानेवारी-जुलैच्या प्रमाणपत्राशेजारी रुग्णालयाच्या दर्शनी भागी लावावी. रुग्णाला दाखल करण्यासाठी आलेला माणूस दरपत्रक वाचतोच, हेही वाचील.