बोलण्यामागची गोष्ट : ‘ध’ चा ‘मा’

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना ‘रुबिकॉन ओलांडणे’ हा शब्दप्रयोग भेटतो. रुबिकॉन ही इटलीतली एक लहानशी नदी. इ. स. पूर्वी ४९ साली ज्युलियस सीझर फौजेनिशी ती उतरला आणि रोमच्या राज्यात यादवी पेटली. तेव्हापासून कोणी माघार नाही असे पाऊल टाकले, की इंग्रज म्हणतात, याने रुबिकॉन ओलांडली.

मुले हे पाठ करतात. पण वाचकहो, आपल्या तोंडी नेहमी असणारा ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार कोठून आला, हे त्यांनी विचारले तर आपण काय सांगाल? तो आला पुण्याच्या शनिवारवाड्यातून.

थोरले माधवराव पेशवे १७७२ साली वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. वय अवघे सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. इकडे पहाऱ्यावरच्या गारद्यांचा पगार थकलेला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, गारदी दुपारी वाड्यात घुसले. पोर धावत चुलत्याकडे गेले आणि त्याला बिलगले. गारद्यांनी त्याला तेथेच ठार केले. ‘काका, मला वाचवा’ हे बोल तेव्हापासून लोकांच्या तोंडी राहिले. वाड्याचा नारायण दरवाजा आजही त्याचे नाव सांगतो.

पुढे रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली. खुद्द राघोबादादांना त्यांनी दोषी ठरवले आणि देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणे सोडले. ग्रँट डफ या स्कॉटिश गृहस्थाने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिले आहे, की राघोबांनी गारद्यांना दिलेला कागद शास्त्र्यांच्या हाती लागला. त्यात नारायणरावास ‘धरावे’ असे होते, त्याचे कोणीतरी ‘मारावे’ केले होते. नुसता ‘ध’ चा ‘म’ नव्हे, वर काना देऊन ‘मा’. म्हणून आपण ‘ध चा मा’ म्हणतो.

हे करणारी राघोबांची पत्नी आनंदीबाई, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण ग्रँट डफही ‘लोक तसे मानतात’ एवढेच म्हणतो. बदललेले अक्षर सापडले. बदलणारा हात लोकांनी ठरवला. त्या बाईचे नाव त्या अक्षराला चिकटले ते आजतागायत.

आपल्या घरासाठी यातली गोष्ट हीच आहे. कागदात फेरफार झाला हे मागाहून कळते, पण कोणी केला हे सिद्ध करताना जन्म जातो. तेव्हा सावधगिरी आधीच हवी. पाचशेवर एक शून्य चढवले, की पाच हजार होतात. म्हणून रक्कम आकड्यात लिहून पुन्हा अक्षरी लिहायची रीत आहे. आणि शेवटी ‘मात्र’ लिहायचे, ते पुढे कोणाला शब्द जोडता येऊ नये म्हणून. खरेदीखत असो, कर्जाचा कागद असो, सही किंवा अंगठा करण्याआधी घरातल्या शिकणाऱ्या मुलीला तो मोठ्याने वाचायला सांगा. गट नंबर, क्षेत्र, नाव उताऱ्याशी ताडून पाहा. मोकळी जागा असेल तर तीवर आडवी रेघ मारा. खाडाखोड असेल तर तेथे दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. कोऱ्या कागदावर सही तर सख्ख्या भावालाही देऊ नका. देणाऱ्या-घेणाऱ्याला राग आला तर येऊ द्या.

एका अक्षराने एका पोराचा जीव गेला. आपले शेत तरी तसे जाऊ नये.