पैसे अडकतात ते दोन बँकांच्या मधे

एटीएममध्ये नोटा मोजल्याचा खडखडाट होतो, पण नोटा काही बाहेर येत नाहीत. मोबाइलवर मात्र खात्यातून 5,000 रुपये वजा झाल्याचा मेसेज येतो. खातेदार आपल्या बँकेत गेला की उत्तर मिळते, 'ज्या बँकेचं एटीएम, तिला विचारा.' तिथे गेला की ऐकतो, 'तुमचं खातं आमच्याकडे नाही.' दोघेही खोटे बोलत नसतात. चूक झालेली असते ती दोघांच्या मधे.

कार्ड एका बँकेचे आणि यंत्र दुसरीचे असले की मागणी आधी यंत्राच्या बँकेच्या स्विचकडे, म्हणजे संदेशांची देवाणघेवाण करणाऱ्या यंत्रणेकडे जाते. तिथून ती बँकांना जोडणाऱ्या नॅशनल फायनान्शियल स्विचकडे आणि मग खातेदाराच्या बँकेचा स्विच ओलांडून कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचते. रक्कम आधी वजा होते, होकार आल्या वाटेने परततो आणि मगच यंत्र नोटा देते. नोटा अडकल्या तर व्यवहार उलटवणारा आणखी एक संदेश जावा लागतो. नेमकी तेव्हाच लाइन गेली तर खात्यात पैसे कमी आणि यंत्रात रोकड जास्त, असा घोळ होतो. तो रोजच्या ताळमेळात सापडतो, सापडायलाच हवा.

मुंबईत 1997 मध्ये सामायिक एटीएमचे 'स्वधन' जाळे आले, 2004 मध्ये नॅशनल फायनान्शियल स्विच सुरू झाला, 2016 मध्ये यूपीआय आले. बँका एकमेकींना जोडल्या गेल्या आणि सामान्य माणसाची मोठी सोय झाली. जबाबदारी मात्र तेवढी जोडली गेली नाही.

नियम नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, एटीएममधून न मिळालेली रक्कम पाच दिवसांत परत करायची असते. त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची, आणि तीही ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता. ही तरतूद किती खातेदारांना ठाऊक आहे? बँकांनी किती रक्कम उशिरा परत केली आणि किती भरपाई दिली, याचा आकडा दर तिमाहीला शाखेच्या फलकावर लावला पाहिजे.

स्विचचा हा मधला दुवा किती नाजूक असतो, ते पुण्याने ऑगस्ट 2018 मध्ये पाहिले. कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये लुटले गेले. त्यातली बहुतेक रक्कम परदेशातल्या एटीएममधून निघाली. चोरांनी बनावट स्विच उभा केला होता आणि पैशांच्या मागण्यांना परस्पर होकार तोच देत होता. त्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

जुलै 2024 च्या अखेरीस सी-एज या तंत्रज्ञान कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. संसर्ग पसरू नये म्हणून तिला देशाच्या पेमेंट जाळ्यापासून तोडावे लागले. सुमारे 300 लहान बँकांचे ग्राहक त्यात अडकले. सहकारी आणि ग्रामीण बँकांना स्वतःची यंत्रणा परवडत नाही, म्हणून त्या एकाच पुरवठादारावर विसंबतात. त्यांच्यासाठी पर्यायी जोडणीची सोय करणे हे रिझर्व्ह बँक आणि देशाचे पेमेंट जाळे चालवणाऱ्या एनपीसीआयचेच काम आहे. गावच्या बँकेच्या संचालकांवर ते ढकलून चालणार नाही.

तोवर खातेदाराने व्यवहाराचा रेफरन्स नंबर जपून ठेवावा, तक्रार आपल्याच बँकेकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. 30 दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तिथे तक्रार करायला एक रुपयाही लागत नाही.